बाबांचं नागपूर तसंच राहू द्या

प्रश्न : आमचे बाबा मागच्या वर्षी गेले. ते एम्प्रेस मिलमध्ये कारकून होते. कपाटात त्यांच्या कथांच्या वह्या सापडल्या. सगळ्या महाल, इतवारी, कॉटन मार्केटमधल्या माणसांच्या. आम्हाला संग्रह काढायचा आहे. भाऊ म्हणतो, मिल आताच्या पोरांना काय कळणार, तिथे मॉल आणि मेट्रो टाकू. एक कथा अर्धवट आहे, तीही तो पूर्ण करणार म्हणतो. करावं का? आणि हक्क कोणाचे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, दोन्ही करू नका. मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आज मॉल आहे, हे खरं. पण बाबांची माणसं भोंग्यावर उठणारी, पाळीवर जाणारी. आमच्या गणेशपेठेत भोंगा ऐकून घड्याळ लावत, डबे भरत. तो काढला तर कथेतली बाई पहाटे चूल का पेटवते, हेच वाचणाऱ्याला कळणार नाही. नव्या पोरांसाठी प्रस्तावनेत मिलबद्दल अर्धं पान लिहा, ते भावालाच लिहू द्या. वहीवर तारखा असतील तर प्रत्येक कथेखाली छापा. संवादातलं ‘काहून’ आणि ‘करून राह्यला’ प्रूफं तपासणाऱ्याच्या हाती लागू देऊ नका. शुद्धलेखन सुधारायला हरकत नाही.

अर्धवट कथा शेवटी घ्या, जिथे थांबली तिथेच थांबवा आणि खाली तसं स्पष्ट लिहा. भावाला तिचा शेवट सुचला असेल, तर त्याने स्वतःच्या नावाने वेगळी कथा लिहावी. बाबांच्या नावाखाली दुसऱ्याचं एक वाक्यही जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. त्यांना आता विचारता येत नाही.

हक्काचं म्हणाल तर, मृत्युपत्र नसेल तर तो आईचा आणि तुम्हा सगळ्या भावंडांचा मिळून. प्रकाशकाशी करार करण्याआधी सर्वांची लेखी संमती घ्या; लग्न होऊन गेलेल्या बहिणीचीसुद्धा. लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, म्हणजे हा कागद नातवंडांनाही लागेल.

डीटीपीवाल्याला झेरॉक्सच द्या. मूळ वह्या घराबाहेर काढू नका.