व्हिसा, बंदूक आणि दोन आठवड्यांचं पाणी

वादळांचा मोसम जवळ आला की ह्यूस्टनमधली मराठी मंडळी मला दोन प्रश्न हमखास विचारतात. घरात काय भरून ठेवू, हा पहिला. बंदूक घेऊ का, हा दुसरा, आणि तो जरा आवाज खाली आणून. मी आपत्तीच्या तयारीचे वर्ग घेतो, शूटिंग रेंजवर नवशिक्यांना शिकवतो, माझ्या घरी स्वतःची बंदूकही आहे, तेव्हा आवाज खाली आणायची गरज नाही. या वेळी अमेरिकेतल्या पत्रांबरोबर एक पत्र थेट सिंधुदुर्गातून आलं आहे. तेही घेतलं आहे.

प्रश्न : मी ऑस्टिनला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. ऑफिसातले मित्र शनिवारी रेंजवर चल म्हणतात. बंदूक तिथे भाड्याने मिळते, विकत घ्यायची नाही. माझं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालं आहे. जायला हरकत नाही ना?

उत्तर : जा, पण काचेच्या अलीकडे बसून बघा. बंदुकीला हात लावू नका. नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम राहण्यासाठी नसलेल्या व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे. रेंजवर तासभर भाड्याने घेतलेली बंदूक हीसुद्धा ‘जवळ बाळगणं’ या व्याख्येत बसते. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर, तुम्हाला भेटायला आलेले आईवडील, सगळे यात आले. आय-१४० मंजूर झालं तरी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत तुम्ही एच-वन-बीवरच आहात.

कायद्यात एक पळवाट नाही, चक्क दरवाजा आहे: एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना असेल तर ही मनाई लागू होत नाही. त्यामुळे काही जण पैसे भरून तो परवाना काढतात, शिकारीला कधीच जात नाहीत, आणि निर्धास्तपणे रेंजवर जातात. कायद्यात बसतं. तरी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, कारण इथे चूक झाली तर तिचा हिशेब रेंजवर होत नाही, पुढे व्हिसाच्या फाइलमध्ये होतो.

आणखी एक. दुकानातून बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात नागरिकत्व विचारलेलं असतं. दुकानदार घाईत ‘मारा टिक, कोण बघतंय’ म्हणाला तरी अमेरिकन नागरिक नसताना त्या रकान्यात खूण करू नका. खोटं नागरिकत्व सांगणं हा इथे परत पाठवणी होण्याइतका मोठा गुन्हा आहे, आणि त्याला माफी जवळपास नाही.

प्रश्न : डॅलसच्या बाहेर आम्ही नवीन घर घेतलं. शेजारचे आजोबा फार सज्जन आहेत, माझ्या आईला बागेतल्या भेंड्या आणून देतात. पण गॅरेजमध्ये वर्षभराचं धान्य, भिंतीला बंदुकांचं कपाट, आणि ‘सरकार एक दिवस दारात येणार’ हे ठरलेलं वाक्य. अशा माणसापासून जपून राहावं का?

उत्तर : भेंड्या घ्या आणि बदल्यात आईच्या हातचं काहीतरी द्या.

ते वाक्य हवेतून आलेलं नाही. त्या पिढीच्या डोक्यात दोन ठिकाणं घर करून बसली आहेत. पहिलं रूबी रिज, आयडाहो. ऑगस्ट १९९२. नळी कापलेल्या बंदुका विकल्याच्या आरोपावरून रँडी वीव्हर नावाच्या माणसाला पकडायला सरकारी मार्शल गेले. त्यात एक मार्शल मेला, वीव्हरचा चौदा वर्षांचा मुलगा मेला, आणि दुसऱ्या दिवशी तान्हं मूल कडेवर घेऊन दारात उभी असलेली त्याची बायको एफबीआयच्या नेमबाजाच्या गोळीने मेली. पुढे ज्युरीने वीव्हरला मुख्य आरोपांतून सोडलं आणि १९९५ साली सरकारने त्या कुटुंबाला ३१ लाख डॉलर मोजले. दुसरं ठिकाण वेको, तुमच्याच टेक्सासमध्ये. १९९३ साली एका धर्मपंथाच्या वसाहतीवर छापा पडला, त्यात चार सरकारी माणसं मेली, मग ५१ दिवस वेढा आणि शेवटी आग. आत ७६ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. हे टीव्हीवर बघितलेल्या माणसाला ‘सरकार असं करणार नाही’ हे पटवणं अवघड आहे.

त्याच्याच पुढचं पानही आजोबांना आठवत असेल. वेकोच्या आगीला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, १९ एप्रिल १९९५ला, टिमोथी मॅकव्हेने ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत स्फोटाने उडवली. १६८ माणसं मेली, त्यांत १९ मुलं. सरकारवरचा राग त्याने त्या इमारतीतल्या पाळणाघरावर काढला.

हे सगळं गोऱ्या खेडवळांचं खूळ आहे असंही समजू नका. १९६७ साली कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात भरलेल्या बंदुका घेऊन गेले ते ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण, आणि त्यांना चाप लावणाऱ्या बंदूकबंदीवर सही केली ती तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. १९४२ साली जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना सरकारने घरातून उचलून छावण्यांत ठेवलं. आणि आपलंच बघायचं तर १९२३चा भगतसिंग थिंड यांचा खटला. भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि आधी मिळालेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात झाली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचंही नागरिकत्व काढायला सरकार निघालं होतं. ते स्वतःचा खटला लढले आणि जिंकले, बंदुकीशिवाय, पण सरकारवर भाबडा विश्वास न ठेवता.

एका बाबतीत मी सरळ आजोबांच्या बाजूचा आहे. २००५ साली मुंबईत २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर महिन्याभराने कतरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स बुडवलं. मदत यायला दिवसच्या दिवस गेले आणि पोलिसांनी काय केलं, तर कायद्याने बाळगलेल्या बंदुकाही लोकांच्या घरात शिरून जप्त केल्या. प्रकरण कोर्टात गेलं. २००६ साली अमेरिकेच्या संसदेने आपत्तीच्या नावाखाली अशी जप्ती करायला बंदी घातली. न्यू ऑर्लीन्समध्येच, त्याच आठवड्यांत, डँझिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या आणि दोघांना मारलं.

पण ‘त्यांच्याकडे सगळ्यांची यादी आहे’ असं आजोबा म्हणाले तर तिथे मान डोलवू नका. बंदूक मालकांची केंद्रीय नोंदवही करायला १९८६च्या कायद्याने मनाई आहे. विक्रीचे फॉर्म दुकानदाराकडेच राहतात. दुकान बंद पडलं की ते वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला जातात आणि तिथेही मालकाच्या नावाने शोध घेता येत नाही.

आणि हो, ‘रविवारी आमच्या गटाबरोबर रानात सरावाला या’ असं आमंत्रण आलं तर गोड बोलून टाळा. तुम्ही अजून नागरिक नसाल तर नक्कीच.

प्रश्न : यूट्यूबवर बघून वीस वर्षं टिकणाऱ्या जेवणाच्या बादल्या मागवणार होतो. सगळ्यात मांस नाहीतर चीज. आम्ही शाकाहारी, घरात चार माणसं. काय साठवावं?

उत्तर : आधी पाणी. इथली सरकारी शिफारस माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडं वर. चार माणसांना दोन आठवड्यांसाठी ५६ गॅलन होतात. हे ऐकून सगळे गप्प होतात आणि पुन्हा बंदुकीच्या गोष्टी काढतात, कारण कपाटात बंदूक मावते, ५६ गॅलन पाणी मावत नाही. सात-सात गॅलनचे निळे कॅन घ्या, पलंगाखाली, जिन्याखाली सरकवा. वादळाची सूचना आली की टब आणि बादल्या भरा, ते पाणी संडासाला.

नळाचं पाणी संशयास्पद असेल आणि उकळायची सोय नसेल तर साधं बिनवासाचं ब्लीच वापरा. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर गॅलनला ८ थेंब, पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळून दुप्पट. अर्धा तास झाकून ठेवा. उघडल्यावर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. आपल्या मुन्सिपाल्टीच्या नळाचा उन्हाळ्यातला वास आठवा, तेवढा. लिंबाचा सुगंध घातलेलं ब्लीच चालत नाही.

आता जेवण. बादल्या मागवू नका. त्यातलं कुणी खाणार नाही आणि संकटात मुलं नवी चव तोंडात घेत नाहीत. साठवणुकीत सगळ्यात अनुभवी लोक म्हणजे मॉर्मन चर्चवाले, इथला एक ख्रिस्ती पंथ. तीन महिन्यांचं रोजचं जेवण आणि त्यापुढचं टिकाऊ धान्य ही त्यांची शिकवण जुनी आहे, आणि त्यांचे डबे चर्चबाहेरच्या माणसालाही विकत मिळतात. त्यांच्या यादीत पांढरा तांदूळ हवाबंद डब्यात तीस वर्षं टिकतो असं आहे. पांढराच. ब्राउन राइसमध्ये तेल असतं, तो खवट होतो. त्याच कारणाने वीस पौंडांचं आट्याचं पोतं साठवणीत धरू नका.

घरी करायचं तर मायलारच्या (हवा आत न जाऊ देणाऱ्या चंदेरी) पिशवीत तांदूळ किंवा डाळ भरा, ऑक्सिजन शोषणारी पुडी टाका, इस्त्रीने तोंड चिकटवा. दुसऱ्या दिवशी पिशवी आवळून विटेसारखी झाली तर जमलं. साखर आणि मीठ यांत ती पुडी टाकायची नाही, दगड होतो. जुनी डाळ शिजायला हट्टी होते, म्हणून तूर थोडी आणि मूग-मसूर जास्त. कुकर हवाच, पण इंडक्शनवरचा नाही.

खरी मजा मात्र विस्तवाशिवाय खाण्याच्या गोष्टींत आहे आणि तिथे आपण यूट्यूबवाल्यांच्या फार पुढे आहोत. दडपे पोह्यांना पातळ पोहे, कांदा, लिंबू आणि थोडं पाणी पुरतं. सातूचं पीठ, गूळ, मेतकूट, भडंग, डिंकाचे लाडू. दाण्याची चटणी टेक्सासच्या उन्हाळ्यात लवकर खवट होते, ती थोडीच करा. आणि हे रोजच्या खाण्यात फिरतं ठेवा, जुनं पुढे, नवं मागे.

औषधांची नव्वद दिवसांची चिठ्ठी मागून घ्या. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या गोळ्यांची नावं इंग्रजीत, मूळ औषधाच्या नावासह लिहून ठेवा, भारतीय ब्रँड इथला फार्मासिस्ट ओळखत नाही. पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा अर्जाच्या मंजुरीची नोटीस), आय-९४ (देशात आल्याची नोंद) यांच्या छापील प्रती झिपलॉकमध्ये.

प्रश्न : जनरेटर गॅरेजमध्ये ठेवून दार अर्धं उघडं ठेवलं तर चालेल?

उत्तर : नाही. घरापासून किमान वीस फूट लांब, बाहेर, धुराचं तोंड घराकडे नाही. फेब्रुवारी २०२१च्या गारठ्यात टेक्सासमध्ये पंचेचाळीस लाखांवर घरांची वीज गेली, राज्याच्या अधिकृत मोजणीत २४६ माणसं मेली, आणि त्यांत गॅरेजमधल्या जनरेटरचे, घरात पेटवलेल्या कोळशाचे, बंद गॅरेजमधल्या चालू गाड्यांचे बळी होते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरीवरचा डिटेक्टर आजच लावा.

प्रश्न : आमच्या सबडिव्हिजनमध्ये सोन्यासाठी भारतीयांची घरं फोडली. मी आता नागरिक आहे. मिस्टर म्हणतात पिस्तूल घेऊ, बेडच्या ड्रॉवरमध्ये ठेवू. मुलगा पंधरा वर्षांचा आहे.

उत्तर : सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. ही चोरी तुम्ही लग्नाला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला गेलात की होते, आणि ड्रॉवरमधलं पिस्तूल सोन्याबरोबर चोराच्या पिशवीत जातं.

तरीही घ्यायचं ठरलं तर तो तुमचा हक्क आहे. २००८च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला आहे. मात्र पंधरा वर्षांचा मुलगा आहे हे वाक्य तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंत, मी ते पहिलं वाचतो. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या. कमी मार्क, मोडलेली मैत्री, मध्यरात्रीचा एक वाईट तास, आणि ड्रॉवर हाताशी. गोळ्या खाल्लेल्या मुलाला वाचवायला बरेचदा वेळ मिळतो, इथे मिळत नाही. म्हणून पिस्तूल भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बसवलेल्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि कोड मुलाच्या वाढदिवसाचा नको. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती बंदूक लागेल अशी ठेवली तर टेक्सासमध्ये तो पालकाचा गुन्हा ठरतो. मुलाचं चित्त थाऱ्यावर नाही असं कधी वाटलं तर पिस्तूल काही काळ घराबाहेर काढा, आणि ९८८ हा आत्महत्येच्या विचारांत मदत करणारा हेल्पलाइन क्रमांक फ्रिजवर लावा. तिथे दिवसरात्र माणूस बोलतो.

प्रश्न : कुडाळजवळ आमची बागायत आहे. सासऱ्यांच्या नावावर शेती संरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. माकडं, डुकरं आहेतच, वर दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा. आता ते पंचाहत्तरचे आहेत. अमेरिकेसारखा हक्क आपल्याला का नाही, आणि ही बंदूक माझ्या यजमानांच्या नावावर होईल का?

उत्तर : आपल्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही. उलट एकत्र जमण्याचा हक्क दिला तोही ‘शांततेने व विनाशस्त्र’. गंमत म्हणजे इंग्रजांच्या १८७८च्या शस्त्रकायद्यावर आपल्या काँग्रेस पक्षाच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत तक्रारीचे ठराव होत होते. स्वातंत्र्यानंतर १९५९चा कायदा आला तरी परवान्याची चौकट तशीच राहिली. अपवाद आहेत. कोडगूच्या कोडवा समाजाला परवान्यातून सूट आहे, ती २०२९पर्यंत वाढवलेली आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर बाकीच्यांना तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा झाला आहे.

निवडणुकीत सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा कराव्यात असा नियम नाही. जिल्ह्याच्या छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करून ठरवायचं असतं. पिकाची नासधूस चालू असल्याचा तलाठ्याचा पंचनामा जोडून सूट मागणारा अर्ज आचारसंहिता लागण्याआधीच द्या. मागून गेलात तर कारकून नुसता शिक्का मारतो.

हस्तांतराचं मात्र सोपं आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, तर त्याच्या हयातीतच कायदेशीर वारसाला परवाना मागता येतो. सासरे पंचाहत्तरचे आहेत, म्हणजे वाट बघण्याची गरज नाही. ते हिंडतेफिरते असताना जिल्हा दंडाधिकारी कार्यालयात अर्ज करा, त्यांचं संमतीपत्र आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडा. त्यांच्या पश्चात केलंत तर बंदूक आधी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागेल, आणि कोकणातल्या पावसात ठाण्याच्या खोलीत पडून राहिलेली ठासणीची नळी परत आली की आतून गंजलेली असते.