सकाळी उठल्यावर अंगावर लाल गांधी दिसतात, ढेकूणच आहेत हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की दंडावर आणि मानेवर ओळीने तीन-चार गांधी उठतात, मिस्टरांना मात्र काहीच नाही, म्हणून सासूबाई म्हणतात ॲलर्जी असेल. मिस्टरांना काही नाही यावर अजिबात जाऊ नका. मी पुण्यात कॉट बेसिसवर राहिलोय, एकाच खोलीत एकजण रात्रभर खाजवायचा आणि त्याच्या बाजूचा ढाराढूर झोपायचा, चावत दोघांनाही होते. काही लोकांच्या अंगावर उठतच नाही, काहींना दोन-तीन दिवसांनी उठतं. चावताना तर कळतही नाही. ओळीत असणं ही खूण आहे पण पक्की नाही, पिसवाही तशाच चावतात, फक्त त्या जास्त करून घोट्याजवळ. आणि बोटांच्या बेचक्यात खाज असेल तर खरूज असू शकते, ते आधी डॉक्टरला दाखवा.

त्यामुळे अंगापेक्षा पलंग बघा. टॉर्च घ्या, चादर काढा आणि गादीच्या कडेची शिवण बोटाने उलगडून बघत जा, विशेषतः डोक्याकडची बाजू. काळे ठिपके दिसले तर ओला कापूस फिरवा, तपकिरी-लालसर ओघळ आला तर ती ढेकणाची घाण, कारण ते पचलेलं रक्तच असतं. तिथेच फिकट पिवळी टरफलं मिळतील, ती कात. पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याला रक्त लागतं. मोठा ढेकूण अख्ख्या मसुराएवढा, तसाच चपटा आणि तपकिरी, रक्त प्यायला की लांबट आणि लाल होतो. उडत नाही, उडी मारत नाही. अंडी जेमतेम १ मिमी, पांढरी, फटीत चिकटवलेली. गादीत नाही मिळाले म्हणून सुटलो असं नाही हां, बॉक्स बेडच्या प्लायचे जोड, स्क्रूची भोकं, मागचा स्विचबोर्ड, सगळं बघा, आणि सेकंडहँड सोफा वगैरे आणला असेल तर सुरुवात तिथूनच.

रोग पसरवतात असं सिद्ध झालेलं नाही, तेवढी भीती नको. सापडले तर चादरी-अभ्रे कडक गरम पाण्यात टाका, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला पैसे द्यायच्या आधीच दुसरा राऊंड कधी ते विचारून घ्या, फवाऱ्याने सगळी अंडी मरत नाहीत आणि आठवडा-दहा दिवसांत नवीन पिल्लं बाहेर येतात.