उघड बोलता न येणारं प्रेम कथा-कादंबऱ्यांत स्वयंपाकातूनच का दाखवतात?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे : "लेखकांचा आळस, दुसरं काय! खऱ्या घरात असं काही होत नसतं." या ओळीमुळे लिहायला बसलो. मूळ प्रश्नाचं पुढे बघू.

1981 साली वाईच्या आमच्या घरात वर्षभर मिळमिळीत आमटी शिजत होती. सातारा जिल्ह्यात मिळमिळीत आमटी म्हणजे काय संकट, ते तिकडच्यांनाच कळेल. स्वयंपाक आत्याकडे. आजी गेल्यावर आजोबांचं कोण बघणार, म्हणून तिचं लग्न राहिलं ते राहिलंच. घरखर्चाला हातभार म्हणून ती पाच जणांना डबे द्यायची. त्यातले एक गुरुजी गंगापुरीत खोली घेऊन राहायचे. एकटे होते, पोटात अल्सर होता, आणि आमच्यातले नव्हते. हे शेवटचं तेव्हा पुरेसं असायचं.

डॉक्टरांनी गुरुजींचं तिखट बंद केलं आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या अख्ख्या घराचं तिखट बंद झालं. आत्या सांगायची, आजोबांना हल्ली सोसत नाही. आजोबा पानात डावीकडे ठेच्याचा गोळा घेऊन बसायचे आणि घासागणिक बोट लावायचे! पण पातेलं एकच होतं. एका डब्यासाठी वेगळी वाटी बाजूला काढली असती तर दुसऱ्या दिवशी घरभर झालं असतं. म्हणून तिने घरची सात आणि डब्यांची पाच अशी बारा माणसं पथ्यावर ठेवली.

आता तुमचा प्रश्न. 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' ही लॉरा एस्किवेलची 1989ची मेक्सिकन कादंबरी तुम्ही वाचली असेलच. बारा महिन्यांची बारा प्रकरणं, प्रत्येकात एक पाककृती. टीटा धाकटी, म्हणून घरच्या रिवाजाप्रमाणे तिने लग्न करायचं नाही, आई मरेपर्यंत तिची सेवा करायची. पेद्रो निदान जवळ राहता येईल म्हणून तिच्या बहिणीशी लग्न करतो. लोक त्यातल्या गुलाबपाकळ्यांतल्या लावा पक्ष्यांवर फिदा असतात. जेवता जेवता पेद्रोपर्यंत काय पोचायचं ते पोचतं, आणि दुसरी बहीण तर अंगाची आग होऊन घरातून पळतेच. मला तो प्रसंग जरा जास्तच वाटतो. त्याच्या आधीची गोष्ट मात्र पक्की आहे : आई नजरेनेच बजावते, पेद्रोने दिलेले ते गुलाब टाकून दे. टीटा टाकत नाही, रांधते. आई लग्न अडवू शकते, बोलणं अडवू शकते, पण चूल कशी बंद करणार? तिलाही जेवायचंच असतं. ज्या कामाला पोरीला जुंपलं त्याच कामातून ती निसटते. लेखक स्वयंपाकाकडे वळतात ते याच्यासाठी. चव, सुगंध वगैरे नंतरचं.

'द लंचबॉक्स'मध्येही (2013) तेच. नवऱ्याला पाठवलेला डबा भलत्याच माणसाच्या टेबलावर जातो, आणि त्या माणसाची पहिली चिठ्ठी मीठ जास्त झाल्याची. मिठाच्या तक्रारीने सुरुवात ज्याला सुचली, त्याला डबा कळतो.

आमच्या दादाला कळत नाही. गुरुजींची बदली झाली आणि आठ दिवसांत आमटीला पूर्वीसारखा ठसका आला. दादा आजही, साठीला टेकलाय तरी, म्हणतो की आधीचा मसाला ब्याडगी मिरचीचा होता, नवा लवंगीचा, बाकी तुझ्या डोक्यातलं खूळ. दोन्ही वर्षी डंकावर आत्याबरोबर मी गेलो होतो. दोन्ही वर्षी संकेश्वरीच होती. शिंकून शिंकून माझं नाक लाल झालेलं. दादा तेव्हा क्रिकेट खेळत होता.

तुम्ही स्वतः काही लिहीत असाल तर केशर-गुलाब सोडा, कोणाचं पथ्य कोणाच्या ताटात उतरतंय ते बघा. आणि घरातल्या थोरल्या भावांना विचारू नका. ते पानावरून मान वर करत नाहीत.

(ती कादंबरी मी इंग्रजीतून वाचली आहे, स्पॅनिश येत नाही. आणि रोजच्या प्रत्येक आमटीत प्रेम शोधू नका. आत्याही बाकीचे चार डबे वैतागूनच भरायची.)

दादाचा हुकमी मुद्दा असा, की गुरुजींकडून कधी काही आलं का? एकतर्फीच होतं ना सगळं? आलं होतं. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, पण खानावळीचा डबा कोण भरून पाठवतो? चार डबे रिकामेच यायचे. गुरुजींचा घासूनपुसून यायचा, आणि वरच्या खणात खडीसाखरेचे चार-पाच खडे. दादाने ते कधी पाहिले नाहीत, कारण डबे आणायला मी जायचो. मी नऊ वर्षांचा, आणि गंगापुरीपासून घर चांगलंच लांब. कधी एखादा खडा उरायचा, बहुतेकदा तोही नाही. आत्या वरचा खण उघडून बघायची, मग माझ्याकडे. मी तोंड घट्ट मिटून उभा.