पहिल्या रूट कॅनालला जाताना

वहिनी, रूट कॅनाल म्हणजे दाढेच्या आतली खराब झालेली नस काढून ती पोकळी भरणं. त्यासाठी खानापूरहून बेळगावला उपाशीपोटी निघू नका. भाकरी-भाजी खा, बीपीची गोळी नेहमीसारखी घ्या. धास्ती असते ती दाढ बधिर करायच्या इंजेक्शनची. सुई टोचते, पण काही मिनिटांत ओठ जड होतो, मग ड्रिलचा आवाज नि कंप तेवढा जाणवतो. ठणकत्या खालच्या दाढेला कधीकधी पहिलं इंजेक्शन पुरत नाही. तेव्हा भिडेपोटी सोसत बसायचं नाही. दुखलं की डावा हात वर करीन, असं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. ते थांबून आणखी औषध देतात. रात्रभर दाढ धरून बसणं याहून फार वाईट, हे अगदी मनापासून सांगते. बधिरपणा उतरेपर्यंत जेवू नका, गाल चावला जातो. पुढं दोन-तीन दिवस चावताना थोडं दुखेल. आणि डॉक्टरांनी कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचं टोपण, सांगितली तर ती टाळू नका, नाहीतर दाढ तुटू शकते.