बंपरवरच्या टिकल्या कुठे गेल्या?

टेस्लाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मॉडेल ३ आणि मॉडेल वायच्या बंपरमधले पार्किंग सेन्सर काढले. त्यांचं काम यापुढे कॅमेरे आणि सॉफ्टवेअर करतील, असं कंपनीने सांगितलं. ते सॉफ्टवेअर मात्र हप्त्याहप्त्याने आलं. परदेशातले वाचक याबद्दल विचारत होतेच. जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला शोरूम उघडल्यापासून इथूनही पत्रं येऊ लागली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

वापरलेली मॉडेल वाय घ्यायची आहे. विकणारा म्हणतो, "२०२२ ची आहे, सगळं आहे." सेन्सर आहेत की नाहीत हे कसं ओळखायचं? – एडिसन, न्यू जर्सी

सालावर विसंबू नका. बदल वर्षाच्या मधेच झाला, त्यामुळे २०२२ च्या गाड्यांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. (मॉडेल एस आणि एक्सचे सेन्सर त्यानंतर, २०२३ मध्ये गेले.) सरळ बंपरसमोर उकिडवे बसा. कोटाच्या बटणाएवढ्या गोल टिकल्या पुढे ६ आणि मागे ६ दिसल्या पाहिजेत. गाडीवर फिल्म चढवलेली असेल तर बोट फिरवून पाहा, टिकलीची कड हाताला लागते. एका बंपरला आहेत आणि दुसऱ्याला नाहीत, असं दिसलं तर बंपर बदलला गेलाय. कशामुळे बदलला, ते विचारा.

सेन्सर नसलेली गाडी घेणार असाल, तर पुढची काच कधी बदलली आहे का हेही विचारा. मुख्य कॅमेरे त्या काचेमागेच असतात. काच किंवा कॅमेरा बदलल्यावर ते नव्याने जुळवावे लागतात. पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर साधारण ३२ ते ४० किलोमीटर चालवल्यावर जुळणी पूर्ण होते. १६० किलोमीटर होऊनही झाली नाही, तर सर्व्हिस सेंटरला दाखवायलाच हवं.

बारा बारक्या वस्तू काढून अशी किती बचत होते? काढल्याच कशाला? – पुणे

वस्तू बारक्या असल्या तरी त्यांच्यामागचं काम बारकं नाही. बंपरला १२ भोकं पाडा, प्रत्येकाला ब्रॅकेट लावा, आतून वायरिंग फिरवा, आणि प्रत्येक टिकली गाडीच्या रंगात रंगवा. पाच रंगांच्या गाड्या बनत असतील तर सेन्सरचा साठाही पाच रंगांचा. त्यात तो काळ चिपटंचाईचा. कंपनीने दिलेलं कारण मात्र वेगळं आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मॉडेल ३ आणि वायमधून रडार निघालं. 'फक्त कॅमेऱ्यांवर चालणारी गाडी' या धोरणाची सेन्सर काढणं ही पुढची पायरी होती.

धोरण चूक की बरोबर यावर वाद होऊ शकतो. क्रम मात्र चुकला, असं आमचं स्पष्ट मत आहे. पर्याय तयार होण्याआधीच भाग निघाला. त्याच टंचाईत बीएमडब्ल्यूने २०२१ च्या अखेरीस काही गाड्या टचस्क्रीनविना दिल्या, पण अमेरिकेत त्याबद्दल ५०० डॉलरची सूटही दिली. 'नंतर अपडेट येईल' असं सांगण्यापेक्षा तो व्यवहार सरळ होता.

गाडीला आठ कॅमेरे आहेत. तरी भिंतीपासूनचं अंतर कधी ३० सेंटीमीटर जास्त दाखवते, कधी कमी. असं का? – रॉटरडॅम

कारण सेन्सर आणि कॅमेरा यांच्या अंतर काढण्याच्या रीतीच वेगळ्या आहेत.

अल्ट्रासॉनिक सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा, ४० किलोहर्ट्झच्या वरचा टक् असा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते बघतो. २० अंश तापमानाला हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. म्हणजे १ मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात. वेळ कळला की अंतर कळलं. अंधार, पांढरी भिंत, काचेचं दार, कशाने फरक पडत नाही. सेन्सरचीही दुखणी आहेत. बारीक खांबावरून किंवा तिरक्या पृष्ठभागावरून आवाज भलतीकडे जातो, आणि फार जवळ आल्यावर नेमका आकडा मिळत नाही. जुन्या टेस्ला ३० सेंटीमीटरच्या आत आकडा दाखवणं सोडून सरळ 'स्टॉप' म्हणायच्या, ते याचसाठी.

कॅमेऱ्यात अंतर नसतं, चित्र असतं. गाडी पुढे सरकताना चित्रातल्या खुणा किती सरकल्या, यावरून सॉफ्टवेअर समोरची जागा कुठे भरलेली आणि कुठे रिकामी याचा नकाशा बांधतं. जवळची खूण जास्त सरकते, लांबची कमी. आता तळघरातली एकाच रंगाने रंगवलेली सपाट भिंत घ्या. तिच्यावर खूणच नसेल, तर सरकलं काय हे कळणार कशावरून? तुमचा आकडा बहुधा अशाच भिंतीपुढे डळमळत असेल. भिंतीवर बंपरच्या उंचीला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची टेप लावून पाहा. खर्च नगण्य आहे आणि फरक पडतो.

दुसरी अडचण बॉनेटची. २०२२-२३ च्या मॉडेल ३ आणि वायला पुढच्या बंपरवर कॅमेरा नाही. पुढे पाहणारे कॅमेरे आरशामागे, काचेच्या वरच्या टोकाला आहेत. तिथून बंपरच्या पुढची जमीन बॉनेटआड जाते. बुटका कठडा किंवा कुंडी जवळ येईपर्यंत दिसत असते, नंतर दिसेनाशी होते आणि गाडी आठवणीवर चालते. त्यामुळे सर्वांत धोक्याची स्थिती अशी: गाडी लावून तुम्ही घरी गेलात, गाडी झोपली, आणि मागाहून कोणी तिच्यापुढे कुंडी ठेवली. सकाळी गाडीने ती कुंडी पाहिलेलीच नसते. कठडे आणि बुटक्या वस्तू ओळखल्या जातीलच असं नाही, हे मालकाच्या पुस्तिकेतही लिहिलं आहे.

आपल्या गाडीची चूक किती, हे स्वतः मोजून ठेवा. सपाट जागा, ३० आणि ६० सेंटीमीटर उंचीची दोन रिकामी खोकी, मोजपट्टी आणि एक मदतनीस. खोक्याकडे चालण्याच्या वेगाने जा. पडद्यावर १००, ६० आणि ४० असे आकडे आले की थांबून खरं अंतर मोजा. दिवसा तीनदा, रात्री तीनदा, मागच्या बाजूलाही तसंच. सगळ्यांत मोठी चूक निघेल तेवढी जागा कायम सोडायची. सरासरी काढू नका. खरचटतं ते सरासरीने नाही, एकाच मोठ्या चुकीने. मोजण्याआधी कॅमेऱ्यांची भिंगं मऊ कापड कोमट पाण्यात भिजवून पुसा. मागचा कॅमेरा नंबरप्लेटच्या वर असल्याने पावसाळ्यात सर्वांत आधी तोच माखतो. काच पुसायचं रसायन तिथे वापरू नका.

ऑटोपार्क आणि समनसाठी वेगळे पैसे भरले होते. कोणतं अपडेट कधी आलं, ते एकदा क्रमाने सांगाल का? – सॅन होजे

ऑक्टोबर २०२२ नंतर सेन्सरविना आलेल्या गाड्यांत अंतराचा इशारा, ऑटोपार्क (गाडीने स्वतःच जागेत लागणं), समन (बाहेर उभं राहून गाडी पुढेमागे सरकवणं) आणि स्मार्ट समन (गाडीने पार्किंगमधून तुमच्यापर्यंत येणं) बंद होतं. अंतराचे आकडे मार्च २०२३ च्या अखेरीस येऊ लागले. भोवतालचं त्रिमिती चित्र डिसेंबर २०२३ च्या नाताळ अपडेटमध्ये आलं. कॅमेऱ्यांवर चालणारं ऑटोपार्क २०२४ च्या वसंतात आलं. पार्किंगमधून तुमच्यापर्यंत चालत येणारी सोय अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये आली, म्हणजे सुमारे २३ महिन्यांनी. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या रस्ता-सुरक्षा यंत्रणेने याच सोयीची चौकशी सुरू केली. त्या चौकशीच्या कक्षेत सुमारे २६ लाख गाड्या होत्या.

ज्यांनी ६,००० डॉलरचं एन्हान्स्ड ऑटोपायलट, म्हणजे या सोयींचं पॅकेज घेतलं, त्यांना या सोयी मिळाल्या, पण मधला काळ कोणी परत केला नाही. भाड्याची, म्हणजे लीजची गाडी असेल तर तीन वर्षांतली दीड-दोन वर्षं अशीच गेली. भरपाई मागायची असेल तर खरेदीच्या दिवशीचं ऑर्डरपत्र काढा. त्यावर 'काही सोयी तात्पुरत्या मर्यादित' अशी ओळ होती का, हे आधी पाहा. अख्खं प्रकरण त्या एका ओळीवर फिरतं.

अमेरिकेतल्या भावाची गाडी समनने लांबून येते, माझी जर्मनीत दोन पावलंच सरकते. – श्टुटगार्ट

गाडीत दोष नाही. युरोपात संयुक्त राष्ट्रांचा आर-७९ हा नियम लागू आहे. त्यानुसार बाहेर उभं राहून गाडी हलवताना तुम्ही तिच्यापासून ६ मीटरच्या आत असावं लागतं. नियम बदलेपर्यंत अपडेटने यात काही होणार नाही.

बाजारात चार सेन्सरचा संच मिळतो. तो टेस्लाला बसवावा का? – ठाणे

बसवता येतो, पण नेहमीच्या गाडीसारखा नाही.

भोकांचं काम कुठल्याही गाडीसारखंच आहे. संचात १८ ते २२ मिलिमीटरचा गोल कटर येतो. भोक सेन्सरच्या मापाचंच हवं, अर्धा मिलिमीटर मोठं झालं तरी सेन्सर हलतो. जमिनीपासूनची उंची ५० ते ६५ सेंटीमीटर ठेवा आणि दोन सेन्सरांमधलं अंतर ३० ते ४० सेंटीमीटर. आधी बंपरचं कव्हर उतरवून मागची धातूची पट्टी कुठे येते ते बघा, नाहीतर भोक पडतं आणि सेन्सर आत जात नाही. कागदी टेप चिकटवून खुणा करा. पहिलं भोक ३ मिलिमीटरचं, मग कटर, ड्रिल हळू. सेन्सरवरचा बाण वरच्या दिशेला हवा. उलटा बसला तर जमिनीचाच प्रतिध्वनी घेऊन तो सतत ओरडतो. रंग द्यायचा तर अगदी पातळ हात, कारण जाड थराखाली सेन्सरचा पडदा कंप पावत नाही.

फरक विजेत आहे. नेहमीच्या गाडीत मेकॅनिक रिव्हर्स दिव्याच्या वायरला जोड देतो आणि काम झालं. मॉडेल ३ आणि वायमध्ये जुन्या पद्धतीचे फ्यूज नाहीत, वीज इलेक्ट्रॉनिक फ्यूजमधून जाते. दिव्याच्या वायरवर अनोळखी भार आला तर गाडी तो दोष समजते आणि ती वाट बंद करते. शिवाय २०२१ च्या अखेरीपासून या गाड्यांत १२ व्होल्टच्या जुन्या बॅटरीऐवजी लिथियमची, सुमारे १५.५ व्होल्टची बॅटरी येऊ लागली. संचावर '१२ व्होल्ट' एवढंच छापलेलं असेल तर तो घेऊ नका. १६ व्होल्टपर्यंत चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. या गाडीची विद्युतरचना न पाहिलेल्या माणसाला वायर सोलू देऊ नका. बाहेरच्या जोडणीने बिघाड झाला तर तो दुरुस्त करणं वॉरंटीत बसत नाही. आणि हे सगळं करूनही आवाज वेगळ्या बझरमधूनच येतो, गाडीच्या पडद्यावर काही दिसत नाही.

नंबरप्लेटच्या चौकटीत बसणारे वायरविना संचही मिळतात. आपल्याकडची एचएसआरपी पाटी मात्र न उघडणाऱ्या स्नॅप लॉकने बसवलेली असते, ती त्यासाठी काढू नये.

गाडी रोज एकाच जागी लावत असाल तर आमचा सल्ला रबरी व्हील स्टॉपरचा. उंची १० सेंटीमीटर पुरे. बंपर भिंतीपासून ४० सेंटीमीटरवर येईल अशी गाडी उभी करा, चाक जिथे टेकेल तिथे खडूने खूण करा आणि अँकर बोल्टने स्टॉपर पक्का करा. सोसायटीची परवानगी सेन्सर बसवण्यापेक्षा अवघड जाऊ शकते, हे मान्य!

मुंबईत नवी मॉडेल वाय घेतो आहे. ६ लाखांचं स्वयंचलनाचं पॅकेज घ्यावं का? कबूल केलेलं मिळालं नाही तर दाद कुठे? – दादर

नव्या मॉडेल वायलाही अल्ट्रासॉनिक सेन्सर नाहीत. पण पुढच्या बंपरवर कॅमेरा आहे, त्यामुळे वर सांगितलेला बॉनेटचा आडोसा बराच कमी होतो. पॅकेजबद्दल आमचा नियम साधा आहे: चाचणीच्या दिवशी, तुमच्यासमोर, भारतातल्या रस्त्यावर जे चालतं त्याचेच पैसे द्यावेत. पुढे मिळणाऱ्या सोयीसाठी पुढेच पैसे भरता येतात.

दाद मागायची झाली तर आधी लेखी तक्रार द्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि त्यानेही भागलं नाही तर ग्राहक आयोग. इथे बरेच जण चुकीच्या दारात जातात. आयोग ठरतो तो तुम्ही दिलेल्या किमतीवरून. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. मॉडेल वायची भारतातली सुरुवातीची किंमतच ५९.८९ लाख होती, तेव्हा तक्रार राज्य आयोगात जाईल. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची. 'अजून एक अपडेट बघू' म्हणत ती निघून जाते. जाहिरातीचं पान, ऑर्डरपत्र आणि प्रत्येक अपडेटनंतरच्या सॉफ्टवेअर पानाचा फोटो तारखेनुसार जपून ठेवा.

आमची साधी हॅचबॅक आहे. पावसात मागे काही नसताना सेन्सर बोंबलतो. चारही बदला म्हणतात. – कोल्हापूर

चारही क्वचितच जातात. (१ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक प्रवासी कारला मागचा इशारा सक्तीचा आहे, म्हणून हा प्रश्न आता घरोघरी आहे.) आधी सेन्सरवरचा चिखल धुवा आणि ते कोरडे करा. तरी आवाज आला तर इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढलेला, रिव्हर्स गिअर टाकलेला, अशी गाडी ठेवा आणि एकेका सेन्सरवर बोटाचं टोक हलकेच टेकवा. चालू सेन्सरची बारीक टकटक बोटाला जाणवते. ज्याची जाणवणार नाही तो काढून शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष सेन्सरबरोबर सरकला तर तेवढा एकच बदला. दोष जागीच राहिला तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. तो वाळवून, हिरवी झालेली पिन साफ करून पुन्हा घट्ट बसवा.