पाहुण्याला आग्रह करताना

एप्रिलमध्ये सहकुटुंब जपानला निघालोय, गाडी घ्यावी का, ऑफिसच्या पार्ट्यांत प्यावंच लागतं का, आणि तिथे एकटं वाटतं का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा-विम्याचं सगळं सरकारी वेबसाइटवर आहे, ते इथे पुन्हा लिहीत बसत नाही.

टोकियोत राहणार असाल तर गाडीचं नावच काढू नका. आम्ही नागोयाच्या बाहेर राहतो, इथे गाडीवाचून अडतं. भारतीय लायसन्स बदलून घ्यायला लेखी आणि मैदानावरची अशा दोन परीक्षा. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी ५० प्रश्नांची झालीय. मी मैदानावर तीनदा नापास झालो. एकदा तर डावीकडे वळताना मान वळवली नाही म्हणून. अहो, आरशात बघितलं होतं की! पण नाही, वळलेली मान परीक्षकाला दिसली पाहिजे. मग गाडी ठेवायला घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा आहे, हे पोलिसांना नकाशा काढून दाखवायचं.

एवढा जीव काढून मिळवलेलं लायसन्स एका रात्रीत गेलेलं मी पाहिलंय. माझं नाही, मित्राचं. आणि तो प्यायला होता माझ्या घरी.

दिवाळीनंतरचा शनिवार होता. तो आधी 'नको, गाडी आहे' म्हणाला होता. मीच ग्लास हातात दिला. 'अरे, घे की, दोन तास झोप काढ, उतरेल.' इथे 'दाइको' म्हणून सोय असते, दोन माणसं येतात, एक तुमची गाडी चालवतो, दुसरा मागून त्यांची गाडी आणतो. फोन केला असता तर भागलं असतं. तो झोपला, उठला, चहा घेतला, निघाला. पुढच्या चौकात नाकाबंदी होती. लिटरभर श्वासात ०.२५ मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं, म्हणजे लायसन्स रद्द आणि दोन वर्षं नवं नाही. नशीब, कुणाला धडक दिली नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मला बोलावलं. कारण इथला कायदा. २००६ साली फुकुओका शहरात एका पिऊन चालवणाऱ्याने पुलावर मागून धडक दिली, पुढची गाडी समुद्रात पडली, तीन लहान भावंडं बुडाली. त्यानंतर, सप्टेंबर २००७ पासून कायदा असा, की गाडी चालवणार हे दिसत असताना दारू देणाराही गुन्हेगार. चालक झिंगलेला असेल तर देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येन दंड. झिंगलेला नसून नुसतं श्वासात अल्कोहोल सापडलं तर दोन वर्षं किंवा तीन लाख. पिलेला आहे हे माहीत असून 'मला घरी सोड' म्हणत शेजारी बसणाराही अडकतो. २०२४ पासून सायकलवाल्याला पाजली तरी तेच. पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर बारवाल्यांना अटक झाली ती मुलगा अल्पवयीन होता म्हणून. इथे चाळिशीतल्या मित्राला घरात पाजली तरी चालत नाही.

'तो गाडी घेऊन आलाय हे माहीत होतं का?' हा एकच प्रश्न फिरूनफिरून. फोनमध्ये माझाच मेसेज होता, 'कोपऱ्यावरच्या पार्किंगमध्ये लाव, रात्री स्वस्त पडतं.' जबाबाखाली बोटाचा ठसा घेतला. खटला झाला नाही. का नाही, हे मला कुणी सांगितलं नाही.

ऑफिसच्या पार्टीत सरळ 'गाडी आणलीय' म्हणा, दारूऐवजी ऊलाँग चहा पुढे येतो. जपानी माणूस या बाबतीत आग्रह करत नाही. आग्रह आपण करतो.

एकटेपणाची सवय होते.

मित्राची नोकरी गेली, ती मंडळी नाशिकला परतली. वर्गात भारतीय मुलं दोनच होती, त्याचा आणि माझा. आता माझा एकटाच. महिनाभर माझा मुलगा डबा तसाच परत आणत होता, आणि बाईंनी वहीत लिहून पाठवलं, 'हळूहळू रुळेल.' दोन वर्षं झाली. मित्र दिवाळीला फोन करतो, त्या रात्रीबद्दल कधीच बोलत नाही.

तुमचा मुलगा सात वर्षांचा म्हणालात. त्याला इथलं ते चामडी दप्तर लागेल, महाग असतं. आमच्या कपाटात एक पडून आहे, जेमतेम वर्षभर वापरलेलं. पण ते देता येणार नाही, नवीनच घ्या.