"माझंच घर मोडलं, मी कुणाची लाइफ कोच होणार?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं हे विचारलं. वय चाळिशीच्या पुढे, मनुष्यबळ विभागात १४ वर्षांची नोकरी, ३ वर्षांपूर्वी घटस्फोट. कोचिंगचा कोर्स संपवून ८ महिने झाले होते. प्रमाणपत्र कपाटात पडून होतं आणि पहिला क्लायंट अजून घेतलेला नव्हता. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, ज्या बाईला स्वतःचा संसार सांभाळता आला नाही, ती दुसऱ्याला काय शिकवणार?"

या कामात उतरू पाहणारे बरेच जण थोड्याफार फरकानं हेच विचारतात. "जमेल तुम्हाला" म्हणून धीर देता आला असता. पण मला त्या वाक्यातला 'शिकवणार' हा शब्द खटकला होता.

मी म्हटलं, "आता मी तुमची क्लायंट. मला नोकरी बदलायचीय, पण धीर होत नाही. घ्या माझं सत्र."

२० मिनिटांत तिनं मला ७ सल्ले दिले. सल्ले चांगले होते. फक्त मला नोकरी का सोडायचीय, हे तिनं एकदाही विचारलं नाही. तसं दाखवून दिल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, उत्तर माझ्याकडे असायलाच हवं."

भीती इथूनच येत होती. उत्तरं पुरवणं हेच कोचचं काम मानलं, की स्वतःचं आयुष्य म्हणजे आपली लायकी ठरते, आणि तसं मिरवण्याजोगं आयुष्य कुणाकडे असतं? कोर्समध्ये ती 'ग्रो' पद्धत शिकली होती: ध्येय काय, आज परिस्थिती काय, पर्याय कोणते, आणि यातलं नक्की काय करणार. चारही प्रश्नांची उत्तरं क्लायंटनं शोधायची असतात. तिला हे पाठ होतं, पण समोर माणूस बसला की जुनी सवय वर यायची. पुढची दोन सत्रं आम्ही एवढंच केलं: सल्ला ओठांवर आला की थांबायचं आणि त्याचा प्रश्न करायचा.

एका गोष्टीवर मात्र मी तिच्याशी सहमत झाले नाही. तिला सुरुवातच घटस्फोटित स्त्रियांपासून करायची होती. मी विचारलं, "समोरची रडू लागली, तर तुम्ही तिचं ऐकाल की तुमचं आठवेल?" तिचे डोळे भरून आले. तो विषय तिनं काही काळ बाजूला ठेवला, आणि स्वतःच्या दुःखासाठी माझ्याकडे येणं चालू ठेवलं.

नोकरी लगेच सोडू नका, असंही मी सांगितलं. बहुतेक देशांत लाइफ कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, त्यामुळे जबाबदारी आपली आपणच ओळखावी लागते. कोचना प्रमाणित करणारी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था १९९५ साली सुरू झाली; तिच्या प्रमाणपत्राच्या पहिल्या पायरीलाही किमान ६० तासांचं प्रशिक्षण, १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव आणि १० तासांचं मेंटर कोचिंग (आपल्या कोचिंगवर अनुभवी कोचचं मार्गदर्शन) लागतं. हे आकडे ऐकून ती घाबरेल असं मला वाटलं होतं. उलट तिला हायसं वाटलं. "म्हणजे पहिल्या तासाला मी कच्ची असणार, हे धरलेलंच आहे!"

पाच महिन्यांनी तिचा फोन आला. क्लायंट मिळाले होते, मोजकेच. त्यातला एक जण तिसऱ्या सत्रात म्हणाला, तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, आणि सकाळ झाली की वाटतं जाग आलीच नसती तर बरं. तिनं ध्येयाचा कागद बाजूला ठेवला. "जीव द्यावासा वाटतो का?" असं त्याला सरळ विचारलं. "कधीकधी," तो म्हणाला. त्याच्या संमतीनं तिनं त्याच्या बहिणीला बोलावून घेतलं आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळवून दिली.

"पण मॅडम," ती चाचरत म्हणाली, "हा तास मी नोंदवहीत कोचिंग म्हणून लिहू का?"

"नका लिहू," मी म्हटलं.

"मीही नाहीच लिहिला," ती म्हणाली. तिच्या आवाजात त्या दिवशी पहिल्यांदाच शंका नव्हती.